उंच हँडल

धनराजला धीर असा नव्हताच. चहा निवायच्या आत प्यायचा, जीभ भाजली की दोष चहाला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग ही म्हण गावानं जणू त्याच्याचसाठी राखून ठेवली होती.

मागल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना अस्वलानं त्याचा डावा हात फोडला. हात वाचला, पण दोन बोटं मिटेनात. जंगलाचं नाव काढलं की त्याला घाम फुटायचा. तेव्हापासून कुऱ्हाड नाही, नांगर नाही. दिवसभर खाटेवरून हापशापर्यंत आणि हापशापासून खाटेपर्यंत. घर चालायचं बायकोवर. दिव्यानी आशाताई होती. औषधांची पिशवी कॅरियरला बांधून जंगलातल्या गावांना सायकलनं जायची. हँडल बुटकं, त्यामुळे सगळी वाट वाकून चालवायची, आणि संध्याकाळी मान धरून बसायची.

ते पाहून धनराजचा जीव वर-खाली व्हायचा. त्याची स्वतःची सायकल गोठ्यात गंजत पडली होती, तिचं हँडल चांगलं उंच होतं. एका सकाळी त्यानं ते उपटून आणलं.

"पोंभुर्ण्याच्या मिस्त्रीकडं नेतो न मी," दिव्यानी म्हणाली.

"मिस्त्री काऊन? माहे हात का तुटले?" तो बोलून गेला, आणि त्यानं डावा हात पाठीमागं नेला.

अडचण ब्रेकच्या तारांची होती. तार एकदा सोडली की ती पुन्हा ताणून धरायची आणि त्याच वेळी नट आवळायचा, हे काम दोन धड हातांचं. म्हणून त्यानं तारांचं नावच घेतलं नाही. साबणाच्या पाण्यानं रबरी मुठी काढल्या, ब्रेकच्या मुठी तारांसकट ओढून घेतल्या आणि तशाच उंच हँडलवर चढवल्या. सायकल स्टँडवर लावून चाक गरगर फिरवलं, ब्रेक दाबला. चाक थांबलं. इतक्या दिवसांत त्याच्या हातून काही पुरं झालं नव्हतं. तो अंगणात उभ्या-उभ्याच हसला.

"बसून पाह्य बरं."

ती बसली. "मान सरळ झाली जी," म्हणाली, आणि निघाली. हापशाजवळ रस्ता उजवीकडे वळतो, तिथं ती दिसेनाशी झाली. तरी धनराज दारातच उभा राहिला. येणारा-जाणारा विचारेल तर सांगावं, म्हणून. कोणी विचारलं नाही.

मग तो तेलकट हात धुवायला हापशावर गेला आणि त्याची नजर धुळीवर पडली. मागच्या चाकाची रेघ वळणापर्यंत स्वच्छ आली होती. वळणावर मात्र ती पुसल्यासारखी झाली होती, चाक न फिरता घसटत गेल्यासारखी.

मग त्याच्या ध्यानात आलं. हँडल उंच झालं, तार तेवढीच राहिली. हँडल उजवीकडे वळलं की तार ताणली जात होती आणि न दाबताच मागचं चाक धरलं जात होतं. स्टँडवर त्यानं हँडल सरळ ठेवूनच पाहिलं होतं. वळवून कोण पाहणार? तेवढा दम कोणाला?

आणि पुढं नाल्याचा उतार होता. उताराच्या तळाशी उजवं वळण, खाली सुटी गिट्टी, बाजूला नुसते दगड. त्यानं फोन लावला. तिकडं रेंज कधी नसतेच. पुढच्या खुणा पाहायलाही तो थांबला नाही. रस्ता सोडून, धान कापलेल्या बांध्यांतून नाल्याकडं सरळ पळत सुटला.

वाटेत पाय चिखलात रुतला, चप्पल तिथंच राहिली. मिस्त्रीकडं नेतो म्हणत होती, आपण नेऊ दिलं नाही. चार लोकांत शहाणपण मिरवायला आपल्याला बायकोची सायकलच सापडली. असं स्वतःला शिव्या घालत, बांध्या संपल्या तरी न थांबता, काट्याझुडपांतून तो नाल्यावर पोचला.

वळणावर कोणी नव्हतं. त्यानं दगडांत वाकून पाहिलं. तिथंही कोणी नव्हतं, आणि म्हणून त्याला जास्तच भीती वाटली. तेवढ्यात वरून चाकाची किरकिर ऐकू आली. दिव्यानी सायकल हातात धरून, उतारावरून सावकाश पायी येत होती.

धनराज रस्त्यातच खाली बसला. "पडली नाई न?"

"पडाले बसली कुठी होती मी? हापशापाशीच उतरली. तवापासून पायीच येऊन राह्यली."

"मंग परत काऊन नाई आली? घरी सांगाव का नाई?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी दारात उभे होते. लय दिवसांनी असे ताठ उभे दिसले मले. मी तशीच परतली असती तं तुमी पुन्हा खाटेवर जाऊन पडले असते."

त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलंही नाही. थोड्या वेळानं उठून त्यानं हँडल उजवीकडे वळवून पाहिलं. तार ताणली गेली.

"तार लांब पायजे," तो म्हणाला. "मिस्त्रीकडून बसवून घेऊ."

"हाव. हँडल मात्र हेच राहीन." मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. एक पाय अनवाणी होता, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या. "तुमी रस्त्यानं तं नाई आले. कुठून आले?"

धनराजनं मागं वळून पाहिलं. मागं सागाचं दाट जंगल उभं होतं. आपण त्यातून आलो, हे त्याला आत्ता कळत होतं.