नत्थूजींच्या डोक्याचा आकडा

गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी नत्थूजी यांच्या घरात एकच कायदा चालायचा: त्यांचं डोकं तापेल असं कुणी बोलायचं नाही. बायकोनं, कौशल्याबाईंनी, तो लग्नापासून मुकाट पाळला. मग त्याच डोक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कवटीत इवलासा सेन्सर बसवला. आतला दाब आता बिनतारी मोबाइलवर दिसायचा, घरीही आणि दवाखान्यातही.

नत्थूजी घरी आले तशी मुलगी भूमिका म्हणाली, "बाबा, तुमी बरे होईपर्यंत दुकान मी सांभाळतो."

"गादीवर पोरगी? लोक काय म्हनतीन?" नत्थूजी कडाडले.

कौशल्याबाईंनी धास्तीनं मोबाइल पाहिला. अकरा. नत्थूजींनी घर डोक्यावर घेतलं होतं, पण आकडा काही हलेना. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याला भ्यालो, ते डोकं आतून थंडगार? बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बोला, बोला," त्या म्हणाल्या. "अकराच हाये."

नत्थूजी चपापले. पण मुरलेला व्यापारी, हार कशी मानणार? श्वास कोंडू नका, जोर लावू नका, दाब चढतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळ्या सूचनांपैकी तेवढीच त्यांनी ध्यानात ठेवली. दुसऱ्या दिवशी भूमिकानं दुकानाची किल्ली मागताच त्यांनी गाल फुगवून श्वास कोंडला. आकडा थेट सव्वीसवर गेला आणि पोरगी घाबरून मागे सरली. मग दर वेळी हेच.

शेवटी डॉक्टरांचाच फोन आला. "दाब सारखा चढतोय. लगेच घेऊन या. कवटी परत उघडावी लागेल, असं दिसतंय."

स्पीकरवर ते ऐकून नत्थूजींचं तोंड पांढरंफटक पडलं. "सांग ना वं त्याइले," ते कुजबुजले, "मी श्वास धरून राहिलो होतो."

कौशल्याबाईंनी मोबाइलवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नवऱ्याची मुळीच भीती वाटत नव्हती.

"सांगतो. पयले पोरीले किल्ली द्या."

नत्थूजींनी करदोट्याची किल्ली सोडून मुकाट्यानं भूमिकाच्या हातात ठेवली. मग बाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी नत्थूजींना यथेच्छ झापलं, तपासायला बोलावलं आणि ते म्हणाले, "सगळं ठीक असेल तर पुढच्या महिन्यात सेन्सर काढून टाकू."

"राहू द्या जी डॉक्टरसाहेब," कौशल्याबाई म्हणाल्या. "घरात लय कामाचा हाये."