देवमाशाच्या पोटातली चंद्रकळा

धायरीत ज्या घरात आपल्या हातची गोधडी नाही, त्या घराला सरुबाई घर म्हणत नसत. खोल्या म्हणत. गावाच्या शेतांवर सोसायट्यांचे मनोरे उभे राहिल्यापासून त्यांच्या लेखी धायरीत खोल्याच फार झाल्या होत्या. तेव्हा त्यांची नात अपेक्षा शाळेतून पळत आली आणि आमच्या मिरवणुकीतला देवमासा माझी आज्जी शिवणार असं वर्गात सांगून आल्याचं तिनं कबूल केलं, त्यावर सरुबाईंनी एवढंच विचारलं, "केवढा हाय?"

वर्गात एकानंही देवमासा पाहिलेला नव्हता. अपेक्षानं दोन्ही हात ताणले, मग ते पुरेनात म्हणून अंगणाच्या टोकापर्यंत चालत गेली.

मिरवणुकीची कल्पना उत्कर्षाबाईंची. नव्या बाई, विश्रांतवाडीहून बस बदलत यायच्या. स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेपासून धारेश्वराच्या देवळापर्यंत सगळा समुद्र चालत जाणार, आणि अट एकच, बाजारातून काही आणायचं नाही. घरात जे टाकायला निघालंय, त्याचाच समुद्र.

मग रोज दुपारी पोरं सरुबाईंच्या ओट्यावर जमायला लागली. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या कापून मासोळ्यांच्या शेपट्या झाल्या. मोडक्या छत्र्यांना चिंध्यांच्या झालरी लावल्या, त्यांच्या जेलीफिश झाल्या. अंड्यांचे ट्रे पाठीला बांधून दोन भावंडं कासवं झाली. खवल्यांना लग्नपत्रिका. गावातल्या हिंमतरावांच्या लेकाच्या पत्रिकेत तर एक अख्खी मासोळी निघाली, एवढी ती जाड. तिच्यातली प्रमुख उपस्थिती सगळी पूर्वा नावाच्या चिमुरडीच्या पाठीवर जाऊन चमकायला लागली. सरुबाई म्हणाल्या, बरं झालं, ही माणसं एकदाची कामाला आली.

दुपारचं ऊन त्या पिशव्यांवर पडे आणि ओट्याच्या भिंतीवर पाणी हलल्यासारखं हले. पोरं आपोआप हळू बोलायला लागत. सरुबाईंच्या मांडीतून देवमासा वाढत वाढत पायरीवर उतरला, पायरीवरून अंगणात. मांजर त्याच्यावर झोपे. सुई चालता चालता सरुबाईंचाही डोळा लागे आणि अर्धवट झोपेत त्यांना वाटे, हा श्वास घेतोय. आपण घेतला की घेतोय, सोडला की सोडतोय.

त्यांनी आयुष्यात मोठं पाणी पाहिलं ते खडकवासल्याच्या धरणाचं. एकदा त्यांनी अपेक्षाला विचारलं की समुद्राचा पलीकडचा काठ केवढा लांब असतो. दिसतच नाही, असं ती म्हणाली. सरुबाईंनी सुई कापडात खोवली.

"मग त्याला भिंत घातली कुठनं?"

उत्कर्षाबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की मासा एकपदरी हवा, नुसतं वरचं कापड, आतून पोरं चालणार. सरुबाईंनी ऐकून घेतलं आणि केलं आपल्याच मनाचं. एकपदरी शिवायला ती काय उशीची खोळ होती? वर गावभरातल्या निळ्या साड्यांचे तुकडे, खाली जुनं ब्लँकेट, त्याच्याखाली चादरी, आणि सगळ्यातून कडेकडेनं आत आत जाणारा गोधडीचा दुहेरी दोरा. समुद्रात गारठा असणार. जिवाला पांघरूण नको?

आणि या सगळ्या थरांच्या मधोमध, कुणाला न सांगता, त्यांनी आईची चंद्रकळा घातली होती. नऊवारी, धुऊन धुऊन काळ्याची गडद निळी झालेली. माहेरचं तेवढंच एक उरलं होतं आणि ट्रंकेत त्याला कसर लागायला आली होती. माशाच्या पोटात तिला धूळ लागणार नव्हती, कुणाचा हात लागणार नव्हता. मिरवणूक झाली की मासा घरी येणार, आणि तो अंगावर ओढून सरुबाई झोपणार. असा सरळ हिशेब होता.

आदल्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात तालीम झाली. अपेक्षा तोंडाशी, मागे तिचा अख्खा वर्ग. मासा उठला, जरासा हलला आणि वजनानं गुडघ्यांवर बसला. वरच्या वर्गातली दांडगी पोरं घातली तरी तेच. शेवटी तो सपाट पडला आणि खालून पोरं पोत्यातल्या बटाट्यांसारखी बाहेर घरंगळली. सगळं मैदान हसलं. सरुबाईंनी सुनावलं की गोधडीत खोट नाही, आजकालची पोरंच वरणाच्या पाण्यावर वाढलेली आहेत.

उत्कर्षाबाई चांगल्या मनाच्या. त्या म्हणाल्या, "आजी, इतकं सुंदर काम आहे, वाया नाही जाऊ द्यायचं. आपण हातगाडीवर ठेवू."

अपेक्षानं मान हलवली. "गाडीवर नको बाई," ती म्हणाली. "गाडीवर मेलेला मासा असतो."

आणि तिनं आज्जीकडे पाहिलंही नाही. रडली असती, पाय आपटले असते, तर सरुबाईंकडे उत्तर तयार होतं.

घरी आल्यावर त्या मासा अंगणात पसरून त्याच्याकडे बघत बसल्या. मग कातरीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. स्वतःच्या हातची गोधडी त्यांनी कधी उसवली नव्हती. वरचे तुकडे सुटले आणि चिंध्या होऊन पडले. चादरी विरलेल्या होत्या, ब्लँकेट उचलवेना. अख्खं, लांब आणि हलकं असं त्या ढिगात एकच होतं. पण ते अरुंद होतं. मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडले, तरच त्याचा मासा होणार होता.

चंद्रकळा मांडीवर घेऊन त्या बसल्या. कातर बाजूला ठेवली. अपेक्षा जवळ येऊन टेकली, तिनं साडीवरून हात फिरवला आणि ती कुणाची हे न विचारताच तिला कळलं.

"आज्जी, राहू दे. मी साधी मासोळी होते. पूर्वाकडे शेपटी उरलीय एक."

"वर्गात काय सांगून आलीस तू?"

"सांगीन, आज्जीला बरं नव्हतं म्हणून."

सरुबाईंना तिची ही समजूत अजिबात आवडली नाही. एवढ्याशा पोरीनं आपल्याला सांभाळून घ्यावं, इतकी काही त्यांची कंबर वाकलेली नव्हती.

"मला काय धाड भरलीया? धर ते टोक. ताठ धर."

कातर चालली. आईच्या साडीचा आवाज होईल असं त्यांना वाटलं होतं. कसलाच झाला नाही. पाण्यातून हात फिरवावा तशी ती गेली.

दुसऱ्या दिवशी समुद्र रस्त्यावर आला. छत्र्या डुलत होत्या, दुधाच्या शेपट्या सळसळत होत्या, रिक्षा आपापल्या जागी थांबल्या होत्या. देवमासा उठला, चाललाही, पण मधे खोलगट. पाठीला उंची येईना. पोरांत उंच कुणी नव्हतं आणि बाई पुढे वाट काढत होत्या.

कापड वर करून अपेक्षानं हात बाहेर काढला. "ये ना."

लोक बघतायत, असं सरुबाई पुटपुटल्या, पदर खोचला आणि वाकून आत शिरल्या.

आत त्या उभ्या राहिल्या. उसवलेल्या प्रत्येक टाक्यानं चंद्रकळेत बारीक भोक ठेवलं होतं, रांगेमागून रांग, आणि त्या सगळ्यांतून ऊन आत येत होतं. पोरांच्या केसांवर, खांद्यांवर, सरुबाईंच्या मनगटांवर उन्हाचे थेंब सरकत होते. निळ्या अंधारात पुढं कुठवर पोरं आहेत ते दिसत नव्हतं. कापड डोक्याला टेकत होतं आणि त्याला अजून आईच्या कपाटातल्या वाळ्याचा वास होता. बाहेर ढोल वाजत होता, पण लांब, कुठल्यातरी काठावर. त्यांचं स्वतःचं दार मागे गेलं ते त्यांना कळलंही नाही.

बाहेरून हिंमतराव कुणाला तरी विचारत होते, सरुबाई कुठं दिसत न्हाईत?



मागच्या एका पोरानं दबक्या आवाजात विचारलं, आता कुठून चालायचं, खाली रस्ता दिसत नाही.

"हात धरा एकमेकांचा," सरुबाई म्हणाल्या. "हितं पानी खोल हाय."