पुसून लिहा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे बरं का! शाळेतल्या फळ्यासमोर मुलांना बसवावं लागतं, माझ्यासमोर माणसं आपण होऊन उभी राहायची. वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर, मैदानाकडे तोंड करून मी टांगलेला आहे. इथून मला घसरगुंडी दिसते, झोके दिसतात, करकरणारं फाटक दिसतं आणि समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या दिसतात. इतकी मोक्याची जागा फार थोड्यांच्या नशिबी येते.

फळा होण्याआधी मी दार होतो. वाचनालयाला नवं दार बसवलं तेव्हा मला जळणात काढणार होते. सुतारकाकांनी माझ्या पाठीवर बोटं वाजवून पाहिली आणि म्हणाले, "अहो, लाकूड अजून खणखणीत आहे. याला जाळाल तर पाप लागेल." मग त्यांनी मला रंधा मारला, चौकट ठोकली आणि रंगाऱ्याने माझ्यावर काळ्या रंगाचे हात चढवले. शेवटी ग्रंथपालबाई बाहेर आल्या.

"वर पांढऱ्या रंगात लिही," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या, "पुसून लिहा."

रंगारी हसला. "बाई, आधीचं पुसल्याशिवाय नवं लिहिणार कसं? हे काय सांगायला हवं?"

"तू लिही रे. कधीतरी कुणाला तरी कळेल."

माझ्या कपाळावर ते दोन शब्द आले ते असे. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही रंगाऱ्याचंच म्हणणं पटलं होतं.

पुढे माझे दिवस फार मानाचे गेले. "उद्या पाणी उशिरा येईल." "चष्मा सापडला आहे, काच एकच आहे." "आमच्याकडे मुलगी झाली, दोघी सुखरूप." सामना असला की आतल्या रेडिओपाशी बसलेला कुणीतरी कानावर खडू खोचूनच धावत बाहेर यायचा आणि धावसंख्या बदलून जायचा. एकाचा चष्मा घरी राहिलेला असायचा, दुसऱ्याला अक्षर लागायचं नाही, मग तिसरा मोठ्याने वाचायचा आणि तिघांच्या गप्पा सुरू व्हायच्या. नियम एकच होता. लिहिणाऱ्याने खाली आपलं नाव लिहायचं. बिननावाचं काही दिसलं की ग्रंथपालबाई ओलं फडकं घेऊन हजर!

मग मोबाइल आले. परिसराचा एक ग्रुप निघाला, त्याचं नाव "आपलं मैदान". पाण्याची वेळ, हरवलेला चष्मा, झालेली मुलगी, सगळं तिकडे जाऊ लागलं. मला कुणी पुसेनासं झालं. वाचनालयात फुकटचं वायफाय आलं, तेव्हा माणसं पुन्हा माझ्याखालच्या बाकावर येऊन बसू लागली, पण माना खाली घालून. एकाने तर माझ्या तोंडावरच "घरबसल्या जलद इंटरनेट"ची जाहिरात चिकटवली. त्याच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. कागदाच्या फटीतून जेवढं जग दिसेल तेवढं मी पाहत होतो.

पण मी कुढत बसणाऱ्यांतला नाही. एका आजारी बाईसाठी तातडीने रक्त हवं होतं, तेव्हा ग्रुपवर निरोप पडला आणि रक्त देणारे बघता बघता दवाखान्याच्या दारात उभे राहिले. माझ्याच्याने ते झालं नसतं. मला वाचायला माणसाला माझ्यापर्यंत यावं लागतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या मोबाइलना सलाम ठोकला होता.

आता त्या छत्रीची गोष्ट सांगतो.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर भिंगरीची आई राहते. भिंगरी हे अर्थातच टोपणनाव, एका जागी ठरत नाही म्हणून पडलेलं. ती मैदानात उतरली की आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. हात पोळपाटावर, डोळे खाली. फाटकाची कडी लागली आहे ना, झोक्याची साखळी नीट आहे ना, ओळखीची माणसं कोण, अनोळखी कोण. लोक तिला हसायचे. पैलवान म्हणून एक काटकुळा गृहस्थ आहे, तो तर तिला तोंडावर म्हणायचा, "वहिनी, कॅमेरे बसवायचा खर्च वाचला हो आमचा!" मी मात्र कधी हसलो नाही. आईच्या डोळ्यांखाली खेळणारं मूल मैदानाच्या शोभेचं असतं.

एके दिवशी बाकावर एक नवे आजोबा येऊन बसले. डोक्याला कानटोपी, हातात मिटलेली छत्री, आणि छत्रीच्या मुठीला रबराने घट्ट बांधलेला मोबाइल. छत्री उभी धरून ते मोबाइल मुलांच्या दिशेने वळवत. घसरगुंडीकडे, मग झोक्याकडे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

खिडकीतल्या पोळ्या थांबल्या. भिंगरीच्या आईने वरूनच आजोबांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. काय लिहिलं, ते आजोबा उठून गेल्यावर बाकावरच्या पैलवानाने मोठ्याने वाचलं: "हे आजोबा कोण आहेत? मुलांचे फोटो काढतात का? कुणी ओळखतं का?"

बघा, तिने प्रश्नच विचारला होता. पण प्रश्नाला पाय फुटले की प्रश्नचिन्ह वाटेत गळून पडतं. पैलवानाने अंगठा चालवला. "सावध केलेलं बरं," असं पुटपुटत त्याने फोटो आणखी कुठे कुठे पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरीची आई वाचनालयात पुस्तक बदलायला आली, तेव्हा माझ्याखालीच तिचा फोन वाजला. नवरा होता, आणि त्याचा चढलेला आवाज मलाही ऐकू येत होता.

"अगं, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलंय. मैदानात मुलांचे फोटो काढणारा इसम! आपलंच मैदान दिसतंय. भिंगरीला खाली सोडू नकोस."

"इसम?" ती म्हणाली. "मी तर आजोबा लिहिलं होतं."

"तू लिहिलं होतंस?"

तिने फोन ठेवला. ग्रुप उघडला, आपला निरोप सर्वांसाठी डिलीट केला, पण चेहऱ्यावरची काळजी काही पुसली गेली नाही. तिच्या ग्रुपवरचे आजोबा गेले होते, बाहेर सुटलेला इसम मोकळाच होता.

संध्याकाळी आजोबा नेहमीसारखे आले. छत्री उभी केली, मोबाइल घसरगुंडीकडे वळवला. पैलवान आणखी दोघांना घेऊन पुढे झाला.

"काय चाललंय? द्या तो फोन इकडे!"

आजोबांनी गोंधळून छत्री छातीशी धरली. पैलवानाने छत्री हिसकावली. मुलं खेळायची थांबली. मैदान एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत छत्रीच्या मुठीतून एक बारीक आवाज आला.

"अहो, काय झालं? मुलं का गप्प झाली? कुणी पडलं का?"

पैलवानाने पडद्यावर पाहिलं. उशीला टेकलेल्या एक आजी त्याच्याकडेच बघत होत्या.

"तुम्ही कोण, बाळा? जरा बाजूला होता का? त्या लाल फ्रॉकवालीच्या बुटाची नाडी सुटलीय. तिला सांगा हो कुणीतरी. घसरगुंडीवर पाय अडकेल तिचा."

लाल फ्रॉकवाली म्हणजे भिंगरी. तिची आई तोवर जिना उतरून धावत आली होती. तिने खाली पाहिलं. नाडी खरंच सुटलेली होती. इतकी जपणारी ती, पण ती नाडी तिलाही दिसली नव्हती.

आजोबांनी छत्री परत घेतली. "आयुष्यभर बालवाडी चालवली हो तिने," एवढंच म्हणाले. "आता उठता येत नाही. मुलांचा गोंगाट ऐकल्याशिवाय तिला जेवण जात नाही, म्हणून..." वाक्य पुरं न करताच ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. बाकाचं ते टोक रिकामं राहू लागलं. भिंगरीची आई त्यांचं घर शोधून तिथे जाऊन आली, आणि परतताना वाचनालयाच्या पायरीवर बसून ग्रंथपालबाईंपाशी रडली.

"माफी मागितली मी. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले. पण यायला तयार नाहीत. औषधाच्या दुकानात कुणीतरी विचारलं म्हणे, तुम्हीच ना ते फोटोतले? मी डिलीट केलं होतं हो बाई!"

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"आजी? मला म्हणाल्या, तू घाबरलीस त्यात तुझं काही चुकलं नाही, आईने घाबरावंच. पण चूक दुरुस्त करायची तर मोठ्या अक्षरात कर. मागच्या बाकावरच्यालाही दिसायला हवी."

बोलता बोलता तिने वर पाहिलं. जाहिरातींच्या वर माझं कपाळ तेवढं उघडं होतं. ती उठली आणि नखांनी कागद ओरबाडायला लागली. जलद इंटरनेट गेलं, त्याखालचं गेलं, त्याच्याही खालचं गेलं. ग्रंथपालबाईंनी न सांगता ओलं फडकं आणून दिलं. मित्रांनो, कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडावरून पाणी फिरलं! मी काळाभोर झालो, नव्या नवरदेवासारखा.

मग तिने लिहिलं, मोठ्या अक्षरात:

"छत्रीवाले आजोबा मुलांचे फोटो काढत नव्हते. अंथरुणावरच्या आजींना ते आपल्या मुलांचा खेळ दाखवत होते. मी त्यांना न विचारता"

इथे तिचा खडू थांबला. तिची नजर पुन्हा माझ्या कपाळावर गेली. "पुसून लिहा." ती हळूच म्हणाली, "बाई, हे पुसणं फडक्याचं नाहीच का?"

ग्रंथपालबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते रंगाऱ्याला उत्तर देतानाचंच होतं. "फडक्याचंही आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी माणसाला पुसायचं, मग लिहायचं."

तिने "न विचारता" बोटाने पुसलं आणि लिहिलं, "न पुसता लिहिलं. चूक माझी." खाली नाव घातलं: भिंगरीची आई.

आणि मी? इतकी वर्षं कपाळावर काय वागवत होतो, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या लाकडाला एवढी ऊब दार असतानाही कधी आली नव्हती.

माणसं जमली. एकाने वाचलं, दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने सांगितलं, अगदी पूर्वीसारखं. पैलवान मागे उभा राहून बराच वेळ मान खाजवत होता. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं, आता हा पुन्हा काय करतो! त्याने माझा फोटो काढला. "जिथे जिथे तो पाठवला होता, तिथे तिथे हा पाठवतो, वहिनी," तो म्हणाला. खडू उचलून तिच्या नावाखाली त्याने आपलंही नाव लिहिलं. अक्षर गचाळ होतं, पण लागत होतं.

माझा फोटो त्या पहिल्या फोटोइतका वेगाने धावला नाही, हे मी लपवणार नाही. खरी गोष्ट जरा सावकाशच चालते. पण ती पोचली. औषधाच्या दुकानदाराने स्वतः आजोबांच्या घरी औषधं नेऊन दिली, आणि भिंगरीच्या आईने दार वाजवून सांगितलं, "आजोबा, मुलं छत्रीची वाट बघतायत."

ते आले. फाटक करकरलं आणि सगळी पोरं छत्रीभोवती गोळा झाली. भिंगरीने बूट उचलून मोबाइलसमोर धरला. "आजी, बघा! नाडी माझी मी बांधली!"

"शाबास! पण दुसऱ्या बुटाची कुणी बांधायची ग, तुझ्या आईने?" आजी म्हणाल्या, आणि अख्खं मैदान हसलं. त्यांत तिची आईही होती, आणि ती त्या वेळी खिडकीत नव्हती, आजोबांच्या शेजारी बाकावर होती.

आज "आपलं मैदान" ग्रुप उघडला की वर गोल चौकटीत कुणाचा फोटो दिसतो, सांगा बरं? माझा! धातू नाही, काच नाही, एका जुन्या दाराचं लाकूड मी, आणि आता इथल्या प्रत्येकाच्या खिशात फिरतो. खाली माझ्या कपाळावरचेच शब्द लिहिलेत. भिंतीवर मला पुन्हा रंग दिलाय आणि माझ्या खाली खडूची डबीही टांगलीय. कुणी काही ऐकलं, पाहिलं, की अंगठा उचलण्याआधी आता माणसं एकमेकांना म्हणतात, "पुसलंस का?"

मित्रांनो, तुमच्या हातातला फळा माझ्याहून कितीतरी मोठा आहे. त्याच्यावर लिहिलेलं सगळ्या जगाला दिसतं, आणि तिथे पोचेल एवढं लांब फडकं अजून कुणी विणलेलं नाही. म्हणून तो जपून वापरा. खडूचा डाग मी सोसेन, तो धुतला जातो. माणसाच्या नावावर डाग पाडण्याआधी मात्र त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसा, आणि त्यालाच पुसा.