रंगारिणीची काच

मित्रांनो, मी एक जुना, दोन तोंडांचा सूक्ष्मदर्शक आहे. दोन तोंडांचा म्हणून मला लबाड समजू नका! माझ्यासमोर एकाच वेळी दोन माणसं बसतात आणि दोघांना एकच पेशी दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

भिंगं घासणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथला म्हातारा कारागीर प्रत्येक भिंग उजेडात धरायचा, "अजून खोटं दाखवतंय लेकाचं," असं पुटपुटायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. त्याचं समाधान झालं तेव्हा कुठे मला पेटीत बसायला मिळालं. पेटी उघडली ती एका इस्पितळाच्या तपासणीच्या खोलीत. टेबलावर रंगांच्या बरण्या होत्या आणि भिंतीलगत काचपट्ट्यांची कपाटं. या खोलीत आजारी माणसं येत नाहीत. कुणाच्या रक्ताचा थेंब येतो, कुणाच्या गाठीचा पापुद्रा येतो.

कर्करोग म्हणजे बाहेरून घुसलेला कुणी परका असेल, असं मला आधी वाटायचं. पाहतो तर काय, ती घरचीच पेशी! फक्त वाढायचं कधी थांबवावं, हे ती विसरलेली. हे कळलं तेव्हा मी थक्क झालो, थोडा घाबरलोही. मग एकदा एका चिमुरडीच्या हाडातल्या मगजाची काच आली. सगळीकडे त्याच आडदांड पेशी, निरोगी पेशींना उभं राहायला जागा नाही. औषधं सुरू झाली, काही महिने गेले आणि तिची दुसरी काच आली. ते आडदांड कुठे गेले, कोण जाणे! जागोजागी नव्या, शहाण्या पेशी आपापल्या कामाला लागलेल्या. ही काच दुसऱ्याच कुणाची नाही ना, अशी मला शंका आली. प्रत्येक वेळी असं घडत नाही, हेही मी पाहिलं. काही जणांच्या काचा यायच्या कायमच्या थांबल्या.

माझ्या कामाची खरी भिस्त होती ती रंगारिणीवर. हे तिचं टोपणनाव. पेशी मुळात पाण्यासारख्या बिनरंगी. ती त्यांना रंगात बुचकळायची, तेव्हा त्यांचे मधले गाभे जांभळे-निळे उठून दिसायचे. ती नसती तर मी आंधळाच. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, असं ती इस्पितळातल्या झाडून सगळ्या बायकांच्या मागे लागायची. स्वतः मात्र कधी गेली नाही.

आमच्या खोलीत एक रिवाज होता. रंगाची नवी बाटली आली की आधी एखाद्या निरोगी बाईची काच रंगवून बघायची. ती नीट रंगली, तरच तो रंग रुग्णांसाठी वापरायचा.

"या वेळी माझीच काच घ्या," एकदा रंगारीण म्हणाली. "माझ्याइतकी ठणठणीत बाई तुम्हाला दुसरी कोण मिळणार?"

"रंगासाठी का होईना, ताई, तपासणीला तयार झालात!" काचा तपासणाऱ्या डॉक्टरबाई हसल्या. त्या तिच्यापेक्षा लहान होत्या.

"टोमणे पुरे. रंग बघा."

परिचारिकेने तिच्या गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना घेतला, रंगारिणीने तीन काचा तयार केल्या आणि दोघी माझ्यासमोर बसल्या.

"रंग भडक आलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाभे बघा, शाई सांडल्यासारखे."

"तरी मी म्हणत होते, जुनीच बाटली मागवा! थांबा, कमी वेळ बुडवते."

दुसरी काच आली. तशीच. तिसरी तिने जुन्या बाटलीतल्या रंगाने रंगवली. तीही तशीच! दोघी बराच वेळ बाटल्यांना बोल लावत राहिल्या. मला मात्र दिसत होतं. मी ओरडून सांगणार तरी कसं?

मग चित्र स्पष्ट करणाऱ्या माझ्या चाकावर डॉक्टरबाईंचा हात थांबला. रंगारीण समोरच्या तोंडातून तेच पाहत होती.

"शेजारच्या पेशी बरोबर रंगल्यात," ती सावकाश म्हणाली. "रंग काही पंक्तिप्रपंच करत नाही, डॉक्टर. म्हणजे रंग चुकलेला नाही."

"नाही, ताई."

"माझ्या लेकीला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही हो."

डॉक्टरबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "नीट ऐका. काचेवर दिसतोय तो अजून कर्करोग नाही. त्या वाटेला लागलेल्या पेशी आहेत. काही जणींच्या आपोआप परत फिरतात, पण तुमच्या जरा जास्तच बिघडल्यात. थांबायचं नाही. आजच पुढची तपासणी करू."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्याच भिंगांचा अचंबा वाटला. रोग अजून उंबरठ्याच्या पलीकडे होता आणि आम्ही तिघांनी त्याला येताना पाहिलं होतं! तो आत रुजला नसल्याचं पुढच्या तपासणीत पक्कं झालं. तेवढाच बारीक भाग काढला आणि रंगारीण पुन्हा बरण्यांपाशी उभी राहिली.

आता माझ्या टेबलावर नवं यंत्र आलंय. ते काचांची चित्रं काढून पडद्यावर दाखवतं. शेजारच्या खोलीत तर पेशीच्या आतली जनुकांची लिपी वाचतात आणि कुठल्या गाठीला कुठलं औषध लागू पडेल, याचा अंदाज बांधतात. माझ्यावर बरेच दिवस प्लास्टिकचं आवरण होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण परवा ते आवरण निघालं. रंगारीण लेकीला घेऊन आली होती. लेकीच्या दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. ज्या विषाणूमुळे बहुतेकदा आईसारखी वेळ येते, त्याला अडवणारी लस तिने नुकतीच घेतली होती.

"दुखतंय अजून," लेक कुरकुरली.

"दुखू दे थोडं. ये, बस इथे." रंगारिणीने तिला समोरच्या तोंडापाशी बसवलं आणि स्वतःची नवी काच माझ्यावर ठेवली.

लेकीने डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. "आई, यात काय बघायचं? सगळ्या सारख्याच आहेत. काहीच नाही यात."

"तेच बघ," रंगारीण म्हणाली. "पोटभर बघ."

मीही पाहत राहिलो. लखलखीत, साध्यासुध्या, शहाण्या पेशी. इतक्या वर्षांत मी दाखवलेलं सगळ्यात सुंदर दृश्य तेच असावं.

मित्रांनो, तुमच्या आईला, मावशीला, आत्याला एवढं जरूर सांगा: "मला काय होणार?" असं म्हणत घरी थांबू नका, वेळेवर आपली काच बघून घ्या. आणि तुमच्या दंडाची पाळी आली, तर थोडं कुरकुरा, पण पुढे व्हा. मग माझ्यावर पुन्हा आवरण चढलं तरी माझी काही तक्रार नाही.