रिकाम्या भांड्याला विरजण

गुडघ्यातल्या इंजेक्शनला ‘विरजण’ हे नाव पेशंटांनीच दिलं. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला कामाचा भाग त्याच माणसाच्या गुडघ्यात सोडायचा. दूधदुभत्याच्या जिल्ह्यात याला दुसरं काय म्हणणार? डॉक्टर राजनंदिनींची हाडं जोडण्यात पंचवीस वर्षं गेली होती. हे नाव त्यांना पुस्तकातल्यापेक्षा बरं वाटलं.

पहिल्या वर्षी त्यांनी ते इंजेक्शन सरसकट दिलं. भुलल्याच होत्या म्हणा. नुकते झिजू लागलेले गुडघे पन्हाळा चढून आले. पण ज्यांचं हाडावर हाड घासत होतं, ते सहा महिन्यांत लंगडत परत आले. तेव्हापासून त्या आधी एक्स-रे बघत आणि दहातल्या सातांना नाही म्हणत.

दवाखान्याची इमारत दीर अमरसिंहांची. त्यांना ही नन्नाचा पाढा म्हणणारी डॉक्टर पटेना. त्यांनी परस्पर शिबिर ठरवलं आणि दारात फ्लेक्स लावला : ‘मूळपेशींनी गुडघा नवा करा’. फ्लेक्सवर गुडघा लिंबाएवढा, अमरसिंह दाराएवढे.

शिबिराच्या सकाळी हॉल भरला. राजनंदिनींनी चाळीस एक्स-रे बघितले, एकतीस नको म्हणून बाजूला ठेवले.

“वहिनी, लोकं मागत्यात तर द्या की. अपाय तर न्हाय?”

“गुणबी न्हाय. आणि ह्या मूळपेशी न्हाईत, भावजी. तुम्ही खोटं छापलंय.”

“मग सोमवारपासनं तुमच्यासाठी ऑपरेशन थिएटरला कुलूप. दुसरा डॉक्टर बघून ठेवलाय मी.”

थिएटरमधलं टेबलसुद्धा राजनंदिनींनी स्वतः मिरजेला जाऊन निवडलेलं. त्यांनी त्या दाराकडं एकदा बघितलं, हॉलमध्ये गेल्या आणि नावं पुकारायचा माईक उचलला.

“विरजण लावायला भांड्यात दूध लागतं. तुमच्यातल्या एकतीस जणांचं भांडं रिकामं हाय. त्यात मी काय घालणार न्हाय.”

“मग बोलावलं कशाला?” मागून एकजण ओरडला.

“फ्लेक्सवर ज्यांचा फोटो हाय त्यांना इचारा.”

सगळ्या माना मागोमाग दारात आलेल्या अमरसिंहांकडं वळल्या. त्यांना अचानक फोन आला, किंवा आला असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या बाकावर गडहिंग्लजच्या बनाबाई होत्या. पाय दोन्हीकडं धनुष्यासारखे वाकलेले.

“माझं बी रिकामं?”

“खडखडीत, मावशी. गुडघंच बदलाय लागतील. मोठं ऑपरेशन.”

“कर मग. पर तूच कर. नाही म्हणाय येतंय तुला, म्हंजे हात खरा असंल.”

“सोमवारपासनं माझ्याकडं थिएटर न्हाय.”

“मी तीन तास यष्टीत बसून आलो. आता थेटर बी मीच हुडकू व्हय? ते तू हुडीक. गुडघं मी घिऊन येतो.”

राजनंदिनींनी त्यांच्या एक्स-रेच्या पाकिटावर स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला. मान वर केली, तर पुढ्यात आणखी तीन पाकिटं आली होती.