अल्चीदेची शिट्टी

आमच्या इटलीतल्या पार्मा शहरात गाणाऱ्या बाईला राजाची भीती नसते, नाट्यगृहातल्या सगळ्यात वरच्या सज्जाची असते. तिथं आम्ही बसतो, डुकराच्या तंगड्यांना मीठ चोळून चोळून हात फाटलेली माणसं, आणि सूर फुटला की शिट्टी मारतो. ती आमची रीत आहे. ज्याला सोसत नसेल त्यानं मिलानला जाऊन गावं.

अल्चीदे बोत्ती माझा जोडीदार. मिठाच्या खोलीत एकाच बाकावर आम्ही जन्म काढला. त्यानं दोन बोटं तोंडात घातली की नदीपलीकडची कुत्री भुंकायची. झेलिंदा फेर्री, आमच्याच धोबिणीची पोर, पहिल्यांदा आमच्यासमोर गायला उभी राहिली आणि शेवटच्या वरच्या सुरावर तिचा आवाज चिरला, तेव्हा ह्याच्याच शिट्टीनं ती रडत आत पळाली. जाताना मान वर करून तिनं नेमकं त्याच्याकडं बघितलं.

पुढं तिनं जग जिंकलं. व्हिएन्नात लोकांनी घोडे सोडून तिची गाडी स्वतः ओढली म्हणे. पण पार्माला ती आली नाही, आणि तो सूरही तिनं पुन्हा कुठं लावला नाही. त्या जागी ती खालून वळसा घ्यायची. केस पिकल्यावर शेवटचं गायला मात्र इथंच आली.

"येऊ दे थेरडीला," अल्चीदे म्हणाला. "तो सूर लावल्याशिवाय सोडत नाही."

"गप की लेका. आपल्याच गल्लीतली आहे."

"आपली आहे म्हणूनच!"

त्या रात्री गाण्यात ती जागा आली. झेलिंदा थांबली, वाजवणारे थांबले, आणि तिनं तोंड मिटून मान वर केली. अल्चीदेनं बोटं तोंडात घातली. शिट्टी आलीच नाही. त्याच्या तोंडातून पोरीचा आवाज आला, कोवळा, चढत चढत गेलेला आणि टोकाला जाऊन चिरलेला. लोक खो खो हसले. मी शेजारी होतो, मी हसलो नाही. त्याचा गळा हलतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला बोलवायला गेला तर तेच. बायकोला हाक मारली तरी तेच.

"ही कोण आणलीस घरात?" त्याची बायको पिएरिना ओरडली.

तोंड उघडलं की तो सूर, म्हणून त्यानं आधी बोलणं सोडलं, मग जेवण. माळ्यावर टांगलेल्या तंगडीसारखा वाळत वाळत एके सकाळी मेला.

त्याच दुपारी झेलिंदा आली, काळ्या कपड्यांत. पिएरिनानं रीतीप्रमाणे प्रेताची हनुवटी फडक्यानं बांधली होती.

"सोड ते," झेलिंदा म्हणाली.

"बाई, मेलाय तो. आता पुरे करा."

"मला त्यानं पुरं करू दिलं होतं?"

पिएरिना नको नको म्हणत होती, आणि तिचीच बोटं गाठ सोडत होती. झेलिंदानं खुर्ची जवळ ओढली, हातमोजा काढला, शिट्टीसाठी तो धरायचा तशी दोन बोटं ओठांशी धरली आणि वाट बघत बसली.

अल्चीदेची हनुवटी हळूहळू खाली येऊ लागली.