टिपणिसांनी पास केलेली गाडी

रविवारी सकाळी नऊ वाजले की तळ्यामागच्या त्या सोसायटीच्या आवारात एखादी तरी जुनी गाडी येऊन उभी राहायचीच. गुरुदत्त टिपणीस तेव्हा दुसरा चहा घेत असत. खालून कुणीतरी हाक मारी, "टिपणीससाहेब, जरा नजर टाकता का?" मग टिपणीस सदरा चढवत, खिशात दोरा बांधलेलं लोहचुंबक टाकत आणि नवरदेवाच्या मामासारखे ऐटीत जिना उतरत.

हा माणूस काही गॅरेजवाला नव्हता. सरकारी कचेरीत तीस वर्षं फायली हलवून नुकताच निवृत्त झालेला. पण जुन्या गाडीची पारख म्हणाल तर पनवेलीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पैसे घेत नसत. चहा घेत आणि उपदेश देत, आणि उपदेश चहापेक्षा कडक असे.

"गाडी बघायची ती भर उजेडात. दिवेलागणीला नाही आणि धुतलेली असतानाही नाही. ओल्या गाडीवर सगळे डाग झाकतात. आपण पोचायच्या आधीच मालकानं इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर समजायचं की पाणी कुठंतरी मुरतंय. पेडलचं रबर बघा. मीटर म्हणतो वीस हजार किलोमीटर आणि रबर झिजून गुळगुळीत, मग खोटं कोण बोलतंय? रबर खोटं बोलत नाही." असं म्हणत ते दरवाजाच्या खालच्या अंगाला लोहचुंबक लावत. चिकटलं तर पत्रा. घसरून पडलं तर रंगाखाली पुट्टी, म्हणजे गाडी कधीतरी आपटलेली. चुंबक पडलं की टिपणीस विजयानं मान हलवत. "टिपणिसांनी पास केलेली" म्हटलं की गिऱ्हाईक डोळे मिटून गाडी घेई.

तर अशा या पारखी माणसानं आपल्या मुलाच्या लग्नात हुंडा घेतला नाही. निदान तो स्वतः तसं चारचौघांत सांगे.

सत्यजीत तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागला होता. एक्याण्णव साली उरणच्या काशिराम प्रधानांची अनुया त्याला सांगून आली. काशिरामपंत पोस्टातून निवृत्त झालेले, मोरा बंदराच्या वाटेवर दोन खोल्यांत राहणारे, मृदू बोलणारे गृहस्थ. मुलीला आई नव्हती. बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा टिपणिसांनी दोन्ही हात वर केले. "हुंडा हा शब्दसुद्धा माझ्या घरात नको. फक्त एक आहे, सत्यजीतला कारखान्यात जायला यायला गाडी असली म्हणजे बरं. नवी नको हो! जुनी चालेल. आणि तुम्हाला कुणी फसवू नये म्हणून मी स्वतः निवडून देतो."

ऐकणाऱ्यांना वाटलं, केवढा हा मोठेपणा! खुद्द टिपणिसांनाही तसंच वाटलं, आणि पुढं त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली ती याचीच.

सलग चार रविवार व्याही गाड्या बघत हिंडले. टिपणीस पुढं, लोहचुंबक हातात. काशिरामपंत दोन पावलं मागं, कापडी पिशवी छातीशी धरून. एक जुनी गाडी त्यांच्या आवाक्यातली होती. तिच्याकडं ते अशा आशेनं बघत होते, की परीक्षेचा निकालच लागायचा आहे. चुंबक घसरलं. "छे! आपटलेली आहे. माझी सून यात बसणार?" टिपणीस म्हणाले आणि पुढच्या गाडीकडं वळले. शेवटी एक पांढरी गाडी पास झाली. ती घ्यायला जासईच्या रस्त्यावरचा जमिनीचा तुकडा विकावा लागला, हे टिपणिसांच्या कानावर आलं होतं. ते म्हणाले, "मुलीसाठीच केलंत ना!" एवढ्या चार रविवारांत काशिरामपंतांना कुणी बसायला खुर्ची दिल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

लग्न झालं आणि एक रीत पडली. ती कुणी ठरवली नाही, कुणी मोडलीही नाही. गाडीची बॅटरी उतरली तेव्हा कुमुदताई, म्हणजे टिपणिसांच्या सौभाग्यवती, सहज म्हणाल्या, "अनुया, गाडी तुमच्याकडची आहे. तुझ्या अप्पांना सांगून बघ ना." सत्यजीतनं शनिवारी गाडी आणि बायको दोन्ही उरणला सोडली. चार दिवसांनी नव्या बॅटरीसकट दोन्ही परत आली. मग क्लच गेला, तेव्हा अनुया पंधरा दिवस माहेरी राहिली. मग टायर. गाडी तयार झाल्याचा निरोप येईपर्यंत सुनेला कुणी बोलावणं धाडीत नसे. सत्यजीत तेवढे दिवस कंपनीच्या बसनं जाई आणि या बाबतीत तोंडातून चकार शब्द काढत नसे. शेजारच्या शोभावहिनी जिन्यात थट्टेनं विचारीत, "काय कुमुदताई, सून सर्व्हिसिंगला गेली वाटतं?" सगळे हसत. टिपणीसही हसत.

काशिरामपंतांनी तेवढ्यात काय करावं? गाडी नेण्याआणण्यासाठी जावयाला त्रास नको, म्हणून एकोणसाठाव्या वर्षी ते गाडी चालवायला शिकले!

ब्याण्णव सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. सकाळी अनुया हात पुसत बाहेर आली.

"बाबा, हे म्हणत होते ब्रेकचं पेडल हल्ली खाली जातंय. तुम्ही एकदा बघता का?"

टिपणीस खाली गेले. गाडीत बसून पेडल दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. पाय हळूहळू, लोण्यात बोट जावं तसा खाली गेला. पुन्हा दाबलं, तेव्हा पेडल ताठ. जरा धरलं की परत खाली. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, चालतंय की. टिपणिसांना दुसऱ्यांदा बघायचीही गरज नव्हती. ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर गेलं होतं. सुपारीएवढी वस्तू आणि एका दुपारचं काम. बाजारपेठेमागं त्यांचा तीस वर्षांपासूनचा मित्र सॅम, म्हणजे सॅम्युअल पेणकर, याचं गॅरेज होतं. नुसता निरोप धाडला असता तरी तो येऊन गाडी घेऊन गेला असता.

ते वर आले. "बघितलं," म्हणाले. "दिवाळीला उरणला जाणारच आहे गाडी. तिकडं करून घेतील."

ब्रेक खराब आहे असं तोंडानं म्हटलं, तर गाडी जागची हलवता येणार नाही. हलवता येणार नाही म्हणजे पनवेलीतच दुरुस्त करावी लागणार. पनवेलीत म्हणजे आपल्या पैशानं. एवढा सगळा हिशेब त्यांच्या मनात जिन्याच्या अठरा पायऱ्यांत झाला. म्हणून ते पुढचं बोलले नाहीत.

दुपारी काशिरामपंत लेकीला आणि गाडीला न्यायला आले. पोह्यांची बशी संपवून, नमस्कार करून खाली उतरले. गाडी फाटकाबाहेर पडताना टिपणीस गॅलरीत उभे होते. जीभ क्षणभर वळवळली. ते ओरडून म्हणाले, "काशिरामपंत, सावकाश जा हं!"

"हो हो," खालून हसून उत्तर आलं. "सावकाशच जातो."

संध्याकाळी सरकारी दवाखान्यातून माणूस आला. टिपणीस, कुमुदताई आणि सत्यजीत धावत पोचले तेव्हा दारात मिठागरावर काम करणारा जगन नावाचा माणूस उभा होता. त्यानंच दोघांना टेम्पोत घालून आणलं होतं.

"घाबरू नका, दोगं पन जित्ती हायत," तो म्हणाला. "जासईच्या पुढं कंटेनरचा ट्रेलर आडवा आलता. आमी बघत व्हतो. म्हातारा पेडल मारतोय, मारतोय, गाडी काय थांबत नाय. मंग त्यानं गाडी मुद्दाम आपल्या अंगावर घेतली बगा, उजवीकडं, खड्ड्यात. पोरीच्या बाजूला काय लागू दिलं नाय."

अनुयाच्या कपाळाला सहा टाके पडले होते. काशिरामपंतांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. टिपणीस खाटेजवळ गेले तशी त्या माणसानं उठायची धडपड केली, जमलं नाही, म्हणून पडल्या पडल्याच हात जोडले.

"गुरुदत्तराव, माफ करा. गाडीचं तोंड पार चेपलं हो. मला नीट चालवता आली नाही. मी करून देतो सगळं, जरा उभा राहिलो की करून देतो."

टिपणिसांनी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना गाडीविषयी बोलता येत नव्हतं. त्या खाटेखाली जाऊन लपावं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सॅम दवाखान्याच्या व्हरांड्यात आला. गाडी त्यानंच ओढून आणली होती. त्यानं टिपणिसांच्या हातावर एक काळं, फाटकं रबर ठेवलं.

"गुरू, हे आजकालचं नाही. निदान महिनाभर पेडल खाली जात असणार. सत्यजीतला कळलं नसेल, व्याह्यांना कळलं नसेल. पण तुला?" सॅमनं आवाज खाली आणला. "तू म्हणशील तर मी म्हणतो की ते अचानक फाटलं. बोल, काय सांगू?"

अनुया मागं येऊन उभी राहिलेली दोघांनाही दिसली नव्हती.

"मीच विचारते," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही काल सकाळी पेडल दाबून बघितलं होतंत. तुम्हाला कळलं होतं?"

तिच्यामागोमाग सत्यजीत आणि कुमुदताईही बाहेर आले होते. कुमुदताई घाईघाईनं म्हणाल्या, "अगं, त्यांना कसं कळणार? ते काय मेकॅनिक आहेत?"

उभ्या पनवेलीत हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असेल. त्याचा आधार घेणं सोपं होतं. टिपणिसांनी हातातल्या रबराकडं बघितलं.

"कळलं होतं," ते म्हणाले. "दाबल्याबरोबर कळलं. मी बोललो असतो तर मला करावं लागलं असतं. म्हणून नाही बोललो."

अनुया रडेल, ओरडेल असं त्यांना वाटलं. तसं काही झालं नाही. ती शांतपणे म्हणाली, "दीड वर्ष मी गाडीबरोबर गेले आणि गाडीबरोबर आले. गाडी बरी झाली की मला बोलावणं यायचं. मला ताप आला होता तेव्हा तुम्ही डॉक्टर आणलात, नाही असं नाही. पण गाडी बिघडली की मला पाठवून द्यायचात. आता गाडी तुम्ही ठेवा. दुरुस्त करा, नाहीतर भंगारात घाला. मी येणार नाही."

"अनुया, मी..." सत्यजीत पुढं झाला.

"तुम्ही तर रोज चालवत होतात," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तीन महिने गेले. पांढरी गाडी चेपलेल्या तोंडानं सोसायटीच्या आवारात उभी होती. टिपणिसांनी ती दुरुस्त केली नाही आणि विकलीही नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीनं दोनदा सांगून बघितलं. काशिरामपंतांच्या औषधपाण्याचं सगळं टिपणीस बघत होते. पण जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं म्हटलं की त्यांचे पाय उरणच्या स्टँडवरूनच मागं फिरत. सत्यजीत दर रविवारी एस.टी.नं सासुरवाडीला जाई आणि संध्याकाळी एकटाच परत येई.

अशाच एका रविवारी खालून हाक आली. टिपणीस उतरले. पूर्वीची ऐट नव्हती. निळी गाडी होती. पुढं जाकिटातले एक गृहस्थ, आणि त्यांच्या दोन पावलं मागं कष्टानं राठ झालेल्या हातांचा एक माणूस, कापडी पिशवी छातीशी धरून.

"मुलाचं लग्न ठरलंय, हे आमचे व्याही," जाकीटवाले म्हणाले. "हुंडाबिंडा आपण घेत नाही. फक्त गाडी. तुम्ही पास केलीत की झालं."

टिपणिसांनी खिशात हात घातला, आणि तो तसाच रिकामा बाहेर काढला. मग शोभावहिनींकडून खुर्ची मागून आणली आणि मागच्या माणसापुढं ठेवली. "तुम्ही बसा."

तो गोंधळला. त्याच्यासाठी कधी कुणी खुर्ची मांडली नव्हती. अवघडून तो कडेवर टेकला.

"ती पांढरी गाडी दिसते?" टिपणीस जाकीटवाल्यांना म्हणाले. "ती मी पास केली होती. चुंबक कुठंही पडलं नव्हतं. गाडीत खोट नव्हती, खोट माझ्यात होती. मीही हुंडा घेतला नव्हता, तुमच्यासारखाच." आणि त्यांनी सगळं सांगितलं. पेडल, जिन्याच्या अठरा पायऱ्या, गॅलरीतून म्हटलेलं 'सावकाश जा', जोडलेले हात, काही राखून ठेवलं नाही. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. वर गॅलरीत कुमुदताई उभ्या होत्या, तरी ते थांबले नाहीत.

जाकीटवाल्यांनी घड्याळ बघितलं. "ते तुमचं घरचं झालं, टिपणीस. पनवेलीत गाडी बघणारे आणखी आहेत. चला हो!"

खुर्चीवरचा माणूस उठला नाही. जाकीटवाले फाटकापर्यंत जाऊन थांबले. त्यानं टिपणिसांना हळूच विचारलं, "साहेब, मग सूनबाई आल्या का परत?"

"नाही," टिपणीस म्हणाले. "आणि या म्हणायला जावं, एवढी माझी लायकी अजून झाली नाही."

तो माणूस बराच वेळ त्या चेपलेल्या गाडीकडं बघत बसला. मग पिशवी सावरून उठला आणि म्हणाला, "आमची भामा काल मला विचारत होती, अप्पा, गाडी कुणासाठी बघताय? मी म्हटलं, तुझ्यासाठीच की गं." त्यानं फाटकाकडं पाहिलं नाही. "खोटं बोललो मी पोरीशी. घरी जाऊन तिला आधी खरं सांगतो, गाडी कुणासाठी ते."

आणि निळ्या गाडीला वळसा घालून तो एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागला.